तीनशे साठावा देठ

पोंभुर्णा, जि. चांदा
१४ जुलै १९५५

वर मायना लिहिलेला नाही, राग मानू नये. अर्धा तास त्यातच गेला. घरच्या रीतीने लिहावा तर तो हयात माणसासाठी असतो, आणि गेलेल्या माणसाला कोणी पत्र लिहीत नाही. तेव्हा समजून घ्या.

तुमचे पत्र परवा पोचले. मुखरू पोस्टमन ओट्यावर बसून पत्ता मोठ्याने वाचतो. 'सौ. वच्छलाबाई' असे त्याने वाचले आणि थांबला. ह्या घरात वच्छला आहे, पण ती सौ. नाही. त्याने पत्र आशाबाईच्या हाती दिले. आशाबाई म्हणजे देवाजी भावजींची मंडळी. तुम्ही गेलात तेव्हा भावजींचे लग्न व्हायचे होते. तिला वाचता येत नाही. ती आत येऊन म्हणाली, "बाई, कोणाचं तरी चुकून आलं दिसते. परत करू का?" मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवून पाहिले. 'र' चा पाय तुम्ही अजून तसाच खाली ओढता.

सगळे सरळ सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको. तुम्ही ब्रह्मदेशात गेल्यावर एकेचाळीसपर्यंत पत्रे येत होती. बेचाळीसच्या उन्हाळ्यात, जपानी तिकडे शिरल्यावर, नूर मोहम्मद मुकादमाचा भाऊ मन्सूर तिकडून पायी परत आला. अंगावर मांस म्हणून नव्हते. तो तुमच्याबरोबरच निघाला होता. त्याने सांगितले की वाटेत तुम्हांला हगवण लागली, पाऊल उचलेना, तेव्हा एका झाडाखाली बसवले, जवळ पाण्याचा डबा ठेवला आणि बाकीचे पुढे गेले. तुमचे डोळे मिटलेले होते. प्राण गेलेला पाहिला का, असे मी विचारले. तो म्हणाला, नाही. म्हणून बारा वर्षे वाट पाहिली. शास्त्राने तेवढी सांगितली आहे. गेल्या वर्षी वैशाखात ती भरली. डोळे मिटण्याआधी मुलाला गती मिळावी असा तुमच्या आईंचा हट्ट होता. मूल गावाहून जोशीबुवांना बोलावले. तीनशे साठ पळसाच्या देठांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि अंधारी नदीच्या काठी भावजींनी अग्नी दिला. तेराव्यापर्यंत सगळे यथासांग झाले. माझेही त्याच वेळी जे व्हायचे ते झाले.

तुम्ही सुखरूप आहात हे वाचून सर्वांना आनंद झाला. आईंना आता दिसत नाही. मी वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मी सांगत नोती काय? माहा राम्या असा मरनारा नाई." सांगत तर काही नव्हत्या.

तुम्ही लिहिलेत की जपान्यांनी धरून सयामात रुळांच्या कामाला नेले, आणि लढाई संपल्यावर मद्रासी मजुरांच्या संगतीने मलायात उतरलात. चिनी मालकाच्या आरागिरणीत ओंडके ओढलेत. मग एके दिवशी मालक एका मोठ्या ओंडक्याचा सौदा करत होता, तेव्हा तुम्ही पुढे होऊन कुऱ्हाड उलटी मारलीत आणि म्हणालात, आत काही नाही. चिरला तर भुसा निघाला. आपल्या रानात दहा वर्षांचे पोर ते ओळखते. तिकडे त्यावर तुमचे नशीब फिरले. आज गिरणीत निम्मा वाटा, बत्तीस माणसे हाताखाली, घरात विजेचे दिवे. ऐकून भावजींनी देवापुढे साखर ठेवली.

लढाई संपून दहा वर्षे झाली. टपाल तर सेहेचाळीसपासून सुरळीत आहे. एवढेच विचारते.

वच्छला


पोंभुर्णा
२४ सप्टेंबर १९५५

तुमचे दुसरे पत्र आणि फोटो मिळाला. 'काही करून दाखवल्याशिवाय कोणत्या तोंडाने लिहू' असे तुम्ही म्हणता. इथे कोणी तुमच्याकडून काही मागितले नव्हते. असो. झाले ते झाले.

तुम्ही लिहिता की मद्रासहून बोट सुटते, कागदपत्रे पाठवतो, तू निघून ये, इथे कसली ददात नाही. आधी इथले ऐका.

जोशीबुवांना बोलावले होते. दोन दिवस पोथ्या पाहून ते म्हणाले की असे पूर्वीही झाले आहे आणि त्याला विधी आहे. ज्याची क्रिया झाली तो जिवंत परतला तर त्याला तुपाने भरलेल्या पात्रात बसवून बाहेर काढायचे. तो नव्याने जन्मला असे धरायचे. मग जातकर्म, बारसे, सगळे लहान मुलासारखे, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न. भावजी गंभीरपणे ऐकत होते. मग म्हणाले, "दादा सा फूट उंच. त्याले बुडवाले तूप कुठून आणाचं, बुवा? डब्यातलं वनस्पती चालते का?" जोशीबुवांनाही हसू आवरले नाही. म्हणाले, बोटभर तूप अंगाला लावले तरी भावना पोचते. पण माणूस समोर पाहिजे. पत्राने होत नाही.

मी दाराआडून विचारले, आणि बाईचे काय? जिचे कुंकू पुसले तिच्यासाठी काही सांगितले आहे का? त्यांनी पाने पुढे मागे केली. चष्मा पुसला. म्हणाले, बाईचे वेगळे असे काही नाही. नवरा उठला की तीही उठली.

तेव्हा तुम्ही आठ दिवसांसाठी या. तूप मी जमवीन. दोन म्हशी आहेत.

इथे माझी मोठी पंचाईत झाली आहे. आशाबाईने कासाराकडून हिरव्या बांगड्या आणल्या. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. विधी झाल्याशिवाय कशा भरायच्या? हरतालिकेला बायकांनी बोलावणे पाठवले नाही, मग पाठवले, मग मी आले नाही तर बरे असा निरोप आला. त्यांचाही दोष नाही. मीच रोज देवापुढे बसते तेव्हा काय मागावे ते सुचत नाही. रोजची वही लिहिते, तीत मीठ-तेलाचे लिहून झाले की पुढे काही लिहावेसे वाटत नाही.

फोटोत तुम्ही जाड झालात. कोट चांगला आहे.

वच्छला


पोंभुर्णा
२२ नोव्हेंबर १९५५

पत्र मिळाले. पासपोर्टाचा फॉर्मही मिळाला.

तुम्ही येत नाही. गिरणीला मोठी ऑर्डर आहे, भागीदारावर सोडून निघता येत नाही, हे वाचले. तुपाच्या पात्राचे वाचून तुम्ही आणि तुमचे मद्रासी कारकून पोट धरून हसलात, हेही वाचले. 'इकडे कोण विचारतो? तू बोटीतून उतर, मी कुंकवाची डबी घेऊन धक्क्यावर उभा राहतो, झाले लग्न.' तुम्हांला सोपे वाटते. तुम्ही जिथे गेलात तिथे तुमचे कोणी मेलेले नव्हते.

भावजी म्हणतात, "जा न बाई. कुठीबी जा, पळसाले पानं तीनच." त्यांचे खरे असेल. पण मला असे कळत नाही की मी बोटीवर कोण म्हणून चढायचे. फॉर्मात रकाना आहे: विवाहित किंवा विधवा, नको ते खोडा. मी टाक घेऊन बसले आणि शाई वाळली. फॉर्म मेअखेर मद्रासला पोचायला हवा असे वर छापले आहे. अजून वेळ आहे.

मन्सूर येऊन गेला. तुमचे कळल्यापासून तो मूलहून इकडे फिरकला नव्हता. ओट्याच्या खाली बसला, वर ये म्हटले तर आला नाही. म्हणाला, "भाभी, मैंने उसको छोड़ दिया था. बस इतनाच सच है." त्याची दाढी पांढरी झाली आहे. मी चहा केला. तुम्ही त्याला दोन ओळी लिहा. तुम्ही जगलात, पण तो माणूस तेरा वर्षे त्या झाडाखाली बसून आहे.

आता एक विचारते. फोटोत तुमच्या मागे घराचे दार दिसते. पायरीवर जोडे आहेत. सवयच अशी आहे माझी, काही दिसले की मोजते. एक तुमचा. एक बाईचा, टाच उंच. एक लहान मुलीचा, पट्ट्यावर फूल आहे. पहिल्या दिवशी वाटले शेजारचे असतील. पण शेजारचे जोडे तुमच्या जोड्याला इतके चिकटून राहणार नाहीत.

आपल्या रानातले तुम्हीच मला दाखवले होते, लग्नाच्या वर्षी, लाकडाच्या डेपोवर. कुऱ्हाड उलटी धरून मारायची आणि कान द्यायचा. तुमची तिन्ही पत्रे मी तशी वाचली.

आत काय आहे ते लिहा. मी रागावणार नाही. राग करायला बळ लागते.

वच्छला


पोंभुर्णा
१० फेब्रुवारी १९५६

आधी वाईट बातमी. आई पौष वद्यात गेल्या. तीन दिवस पडून होत्या, फार हाल झाले नाहीत. तार केली नाही. तार पोचेपर्यंत सगळे उरकले असते, आणि तुम्ही आला नसता.

तुमचे खुलाशाचे पत्र त्याच्या आठ दिवस आधी आले होते. आईंनी नेहमीप्रमाणे वाचायला बसवले. तुम्ही लिहिले होते की मलायात ईपो गावी तुम्ही तापात पडला होतात तेव्हा त्या बाईने महिनाभर पेज पाजली, ती चिनी आहे, तिला तुमचे सगळे ठाऊक आहे, मुलगी सात वर्षांची आहे आणि तिला तुम्ही आईंचे नाव ठेवले आहे. हे पान मी वाचले नाही. गिरणीचे आणि पावसापाण्याचे वाचले आणि पान उलटले. आई म्हणाल्या, "पान उलटल्याचा आवाज आला. वाचल्याचा नाई आला. पोरगा हाये का पोरगी?"

मी म्हटले, पोरगी.

"नाव?"

मी सांगितले. भागीरथा. त्यांनी तोंडावर पदर घेतला. हसत होत्या की रडत होत्या ते मला कळले नाही. संध्याकाळी म्हणाल्या, "तुले जाचं तर जा वच्छले. माह्यासाठी नोको राहू. मी काई आता लय दिवस नाई." मी त्यांचे पाय दाबत होते. माझे उत्तर त्यांना मिळाले नाही, हे मात्र मनाला लागून आहे.

अग्नी देण्याच्या वेळी घाटावर वाद निघाला. थोरला मुलगा हयात असताना धाकट्याने कसा द्यायचा? कोणी म्हणाले, थोरला तर जाळला आहे. कोणी म्हणाले, मग पत्रे कोण लिहितो? जोशीबुवांनी हात जोडले आणि भावजींना पुढे केले. तुम्हांला हे कळावे म्हणून लिहिते. तिकडे कोणी विचारत नाही, पण इथे माणसे लाकडे रचून उभी होती.

तुम्ही पुन्हा लिहिता की ये, दोघी राहाल, ती स्वभावाने चांगली आहे, घर मोठे आहे. चांगली असेलच. मरणारा माणूस वाचवायला चांगलेपणाच लागतो. मन्सूरला जमले नाही, तिला जमले. सुरुवातीच्या दोन वर्षांचे तुम्ही लिहिलेत, ते मी दोनदा वाचले. कोणाची बोली कळत नव्हती, भात चिकट, सणवार कुठे गेला पत्ता नाही, दिवसभरात कोणी नावाने हाक मारत नव्हते, आणि एके दिवशी लक्षात आले की आपण मनातल्या मनात मोजताना त्यांच्या भाषेत मोजतो. ते वाचताना मी मान हलवत होते. आशाबाईने विचारले, "काऊन बाई, काय लिहिलं हाये?" मी म्हटले, काही नाही.

वेळ द्या. फॉर्म देवाच्या कपाटात ठेवला आहे.

वच्छला


पोंभुर्णा
२३ मे १९५६

श्री. रामाजी यांस,

आजवर मी एअर लेटरवर लिहीत आले, कडेपर्यंत, घडीच्या पट्टीवरसुद्धा. त्यात काही घालता येत नाही. आज पाकीट आणले आहे. महाग पडले, पण त्याला इलाज नव्हता. पाकीट जपून उघडा, आतली वस्तू चटकन मोडेल अशी आहे.

आजवर पत्त्यावर तुमचे नाव भावजी लिहीत. बायकोने नवऱ्याचे नाव घेऊ नये, मग लिहावे तरी कसे. आज मीच लिहिले. हात थांबला नाही. आशाबाईला ह्या हिवाळ्यापासून मी अक्षरे शिकवते. तिने बोट ठेवून एकेक अक्षर लावत तुमचे नाव मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, बरोबर आहे, पुढे वाच.

मी येत नाही. फॉर्म कोराच राहिला, ह्या महिन्याअखेर त्याची मुदत संपते.

त्या बाईमुळे नाही, हे तिलाही सांगा. आणि दोन गोष्टी मी लपवल्या आहेत, त्या सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होत नाही. मी रोज देवापुढे बसते. त्याला सगळे ठाऊक आहे. तुम्हांला ठाऊक नाही.

पहिली अशी की, पुतळ्याचा हट्ट आईंचा नव्हता. मी तसे लिहिले, पण ते खोटे आहे. आई तर नको म्हणत होत्या. बारा वर्षे भरली त्या दिवशी मीच भावजींना म्हटले, जोशीबुवांना बोलवा. मला थकवा आला होता. दर वडपौर्णिमेला दोरा गुंडाळताना बायका माझ्याकडे बघत आणि नजर काढून घेत. दर रात्री एका माणसाचा भात जास्त शिजवायचा आणि सकाळी तो म्हशीला घालायचा. शिजवणे सोडले तर मीच तुम्हांला मारले असे होते, आणि शिजवला तरी कोणी येत नाही. मला ह्याचा शेवट पाहिजे होता, कसाही. तुम्ही मेलात असे मला वाटत होते म्हणून नाही. तुम्ही मेलात की नाही हे रोज ठरवायचा मला कंटाळा आला होता.

दुसरी गोष्ट पाकिटात आहे.

देठ मी स्वतः तोडून आणले होते. वैशाखात पळसाला नवी पाने असतात, हिरवे देठ कडक असतात, बोटे सोलून निघाली. जोशीबुवांनी पोथीतून सांगितले तशी मी अवयवांची जुडी बांधत गेले. डोक्याला चाळीस, गळ्याला दहा, असे करत पायांपर्यंत. पायांच्या बोटांना दहा सांगितले होते. मी नऊ बांधले. एक पदरात ठेवला. जोशीबुवांनी विचारले, भरले का तीनशे साठ? मी म्हटले, भरले. भावजी म्हणाले, "बुवा, आमच्या बाईचा हिशोब कधी चुकत नाई. मोजू नोका." आणि त्यांनी मोजले नाहीत.

का ठेवला ते तेव्हा मला सांगता आले नसते. आता एवढेच वाटते की चालत यायला एक बोट तरी राहावे.

म्हणजे क्रिया पुरी झालीच नव्हती. तुम्ही गेला नव्हता आणि माझे कुंकूही उगाच गेले. तुमचे पहिले पत्र आले त्याच दिवशी मी हे जोशीबुवांना सांगितले असते तर तुपाचे पात्र, बारसे, लग्न कशाचीच गरज उरली नसती. मी बांगड्या भरून, 'विधवा' खोडून, हिवाळ्यातच बोटीवर चढू शकले असते. सांगितले नाही. तुम्ही आधी या, मग सांगीन, असे मनात होते. तुम्ही यायचे नाही म्हणालात, हसलात, मग जोडे दिसले, मग आई गेल्या. सांगायचे राहूनच गेले. आणि एक दिवस पाहते तो सांगावेसेही वाटेना.

तुम्ही लिहिले होते की मोजताना मनात तिकडचेच आकडे येतात, तेव्हा कळले की आता परत जायचे नाही. माझेही तसेच झाले. रिकाम्या कपाळाने आरशात पाहायला पहिले वर्ष जड गेले. आता तेच माझे तोंड वाटते. रात्री मोजून भात शिजवते, उरत नाही. आशाबाई आहे, तिला अजून जोडाक्षरे यायची आहेत. शेजारच्या दोघी तिच्या मागोमाग पाटी घेऊन बसायला लागल्या आहेत. पुन्हा सगळे गुंडाळून तिसऱ्या ठिकाणी बिऱ्हाड मांडायचे बळ माझ्यात नाही. तुमच्यात होते, तुम्ही मांडलेत, देवाने यश दिले. त्याबद्दल माझ्या मनात काही वाकडे नाही, हे मी देवासमोर लिहिते.

मन्सूरला तुमचे पत्र मिळाले. तो ते खिशातच घेऊन फिरतो. बरे केलेत.

आता तो देठ. दोन वर्षे पोथीच्या पानांत होता, वाळून काडी झाला आहे. माझ्याने तो जाळवला नाही, आणि टाकवलाही नाही. तुमचा आहे, तुम्हीच जाळा. दुपारी, उघड्यावर, हवे तर गिरणीच्या आवारात. मंत्र लागत नाहीत, मी जोशीबुवांना आडून विचारून घेतले आहे. तीनशे साठ भरतील. मग इकडे तुमचे काही राहिलेले नसेल आणि तुम्ही तिकडचे व्हाल. मीही एका बाजूची होईन.

झाल्यावर अंघोळ करा. तशी गरज नाही, पण करा. आणि मग जेवायला बसा, तिघेही.

वच्छला